‘मानवयुग’ फेटाळलं म्हणजे नेमकं काय फेटाळलं?

आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. ‘शास्त्रज्ञांनी मतदान करून मानवयुग फेटाळलं. माणसानं पृथ्वी बदलली हे थोतांड होतं. साडेचार अब्ज वर्षांच्या पृथ्वीपुढं माणसाची काय बिशाद!’ खाली अंगठ्यांची रांग.

मतदान झालं, हे खरं. मार्च 2024 मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीत अँथ्रोपोसीनचा, म्हणजे माणसाच्या परिणामांवरून पृथ्वीच्या इतिहासात ‘मानवयुग’ हे वेगळं युग धरायचा, प्रस्ताव 12 विरुद्ध 4 मतांनी पडला. पण प्रस्ताव होता काय? कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याच्या बुडाशी दरवर्षी गाळाचे दोन पातळ पदर बसतात, एक फिकट, एक गडद. वर्षं मोजता येतात, वहीच जणू. त्यात अणुचाचण्यांतलं प्लुटोनियम जिथं झपाट्यानं वाढतं, तिथून, म्हणजे 1952 पासून, नवं युग धरायचं का, एवढाच प्रश्न. विरोधकांतल्या काहींचं म्हणणं असं की, माणूस हजारो वर्षं जंगलं तोडतोय, शेती करतोय. ते सगळं 1952 च्या अलीकडं कसं बसवणार? म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं. निकाल कायम करणाऱ्या भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही सांगितलंय की माणसाचा पृथ्वीवरचा परिणाम सांगायला ‘अँथ्रोपोसीन’ हा शब्द मोलाचाच राहील.

वयाचा मुद्दा अगदीच फोल नाही. आमच्या सोलापूरच्या बुडाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यापुढं सत्तर वर्षं म्हणजे चिमूटभर. मतदानातही हे निघालंच. पण काळ थोडा म्हणून परिणाम थोडा, हे कुठलं गणित?

ग्रुपवरचे एक काका म्हणाले, “युग तर कलियुग चालूय की!” त्यांच्याशी कोण वाद घालणार.

राहिली बिशाद. उन्हाळ्यात सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव आटला की लोक गाळ ट्रॅक्टरनं रानात नेतात. मागं एकदा तिथं भेगाळलेल्या गाळाचं ढेकूळ उचललं. वीतभर जाड. फोडलं तर मधोमध गुटख्याच्या पुडीची चंदेरी कड, तिच्याखाली मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा निळा धागा, दोन्हींवर तळहाताएवढा चिखल बसून वाळलेला. खालच्या पाषाणात असलं काही नाही.

ट्रॅक्टरवाल्यानं पुडी उपसली, ढेकूळ ट्रॉलीत टाकलं आणि पुडी परत तलावात भिरकावली.