गरोदरपणात ‘मनाच्या गोळ्या’ परस्पर बंद करायला सांगणाऱ्यांना

‘गरोदरपणातलं नैराश्य घरच्या घरी घालवा’ हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिला पाचवा महिना आहे, नैराश्याची गोळी चालू आहे. ‘ताई, आजपासून गोळी बंद करू का?’ असा तिचा फोन आला, म्हणून हे लिहितेय.

मेसेज म्हणतो, ‘दिवस गेल्याचं कळताच मनाच्या गोळ्या सोडा, गरोदरपणातले हार्मोन्स मन आनंदी ठेवतात.’ साफ खोटं! २००६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१ गरोदर स्त्रियांचा अभ्यास आला. सगळ्यांना आधी नैराश्य येऊन गेलेलं, गोळ्यांवर बऱ्या असलेल्या. गोळ्या तशाच चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के जणींचं नैराश्य परत आलं, बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचं. कुठे गेले ते आनंदी हार्मोन्स? शिवाय गोळी एकदम तोडली की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं हे वेगळंच. गरोदरपणात काही औषधं बदलावी लागतात, हे मान्य. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेसेज पाठवणाऱ्याने नाही.

‘आई रडली की बाळ रडकं होतं.’ आधीच स्वतःला दोष देणाऱ्या बाईला आणखी एक दोष. उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आढळतो, म्हणून तर उपचार हवेत. रडू दाबून काय साधणार?

‘सेंट जॉन्स वर्ट नैसर्गिक, म्हणून सुरक्षित.’ ही एक वनौषधी. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. विषय संपला.

‘चाला, मन गुंतवा’ यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू. डॉक्टरांची मनाई नसेल तर गरोदर स्त्रियांनी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण अंथरुणातून उठवत नसलेल्या बाईला ‘मन गुंतव’ म्हणून काय होणार? बहिणीला तिच्या समुपदेशक बाईंनी वहीत रोजचं एकच काम, वेळेसकट लिहायला सांगितलंय. ‘अकरा वाजता, दहा मिनिटं गच्चीवर.’ इच्छा होण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की उठायचं, आल्यावर कसं वाटलं ते एका ओळीत लिहायचं. सौम्य नैराश्यात याने खरंच फरक पडतो. गोळी चालू असेल तर हे तिच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही.

दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटतोय असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी न्या आणि तोवर तिला एकटं सोडू नका.