पार्क म्हणजे पार्क चौक नव्हे

सोलापुरात ‘पार्कला जाऊन येऊ’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पार्क चौक, तिथले स्टेडियम आणि संध्याकाळच्या खाऊच्या गाड्या उभ्या राहतात. म्हणूनच पंधरा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी मोबाईलवरची नजर न काढता, ‘आई, परीक्षा झाल्यावर एक दिवस पार्कला जाऊ या का?’ असे विचारले, तेव्हा मी मेथी निवडता निवडता ‘जाऊ की’ म्हणून मोकळी झाले. हा पार्क म्हणजे खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान असून ते आपल्या उंबरठ्यापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, याचा उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला. तोवर आईने शब्द दिल्याची बातमी त्याच्या क्लासच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचली होती.

माझ्या पिढीला पाळण्यात बसण्यासाठी नियोजन करावे लागते, हेच मुळी ठाऊक नव्हते. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरायची, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेतला पाळण्यांचा आणि दुकानांचा बाजार, लागायचा, आणि वडिलांचे बोट धरून चालत गेले की आकाशपाळणा आणि मौत का कुआँ हे सारे एका संध्याकाळी उरकून, भेळ खाऊन, आम्ही नऊच्या आत घरी येत असू. हे मी मुलाला सांगून पाहिले. त्याने माझ्याकडे बखर वाचून दाखवणाऱ्या माणसाकडे बघावे तसे बघितले आणि म्हणाला, ‘आई, तसं नसतंय गं ते.’

‘एका दिवसात जाऊन या’ ही सोय पुण्यामुंबईच्या लोकांसाठी आहे, हे वेळापत्रक उघडल्यावर ध्यानात आले. 2023 पासून आपल्याकडे वंदे भारत आहे खरी, पण ती सकाळी सहाच्या सुमारास निघून पुण्यात पोहोचणार, तेथून पुढे खोपोलीला जाईपर्यंत दुपार होणार, आणि खोपोली तर कर्जतहून फुटलेल्या फाट्यावरचे शेवटचे स्थानक. शेवटी भाड्याची मोटार ठरली. हडपसरची गर्दी सुरू होण्याआधी पुणे ओलांडायचे, तर घरून तीनला निघायचे, तीनला निघायचे तर दोनला उठायचे, आणि या हिशेबाने आमचा ‘एक दिवस’ आदल्या रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या पहाटे संपत होता. यजमानांनी हे सर्व शांतपणे ऐकले आणि कोणीतरी घरी थांबायला हवे, अशी उदात्त भूमिका घेतली.

तारखेचे प्रकरण याहून चिवट निघाले. शनिवार-रविवार नको, कारण गर्दी. मधला वार नको, कारण दहावीचे जादा तास. मे महिना सुचवला, तर घाटाखालच्या घामट हवेला मी घाबरले. बेचाळीस अंशांचा कोरडा उन्हाळा आम्ही सहज पचवतो, पण कोकणातला घाम सोलापूरकराला मानवत नाही. पावसाळा सुचवला, तर जोराच्या पावसात उघड्यावरचे पाळणे थांबवावे लागतात. शिवाय आमच्या घरात छत्री एकच आहे आणि तीही उन्हासाठी घेतलेली. अखेर जूनचा पहिला बुधवार ठरला, तो केवळ क्लासच्या सरांच्या घरी त्या दिवशी लग्न होते म्हणून.

मी तयारीची एक वही केली. त्यात औषधे, सुटे पैसे, चष्म्याची दोरी अशी यादी होती. चिरंजीवांचा आराखडा मोबाईलमध्ये होता, आणि तो ऐकून मी थक्क झाले. लोक दारातून आत शिरले की पहिल्याच पाळण्यापाशी थबकतात, म्हणून आपण थेट आतल्या टोकाला जायचे. रांगा वाढण्याआधी पहिल्या तासात मोठे पाळणे उरकायचे. जेवण बाराच्या आत, म्हणजे सगळे जेवत असताना रांगा मोकळ्या मिळतात. जेवल्यावर गरगर फिरणाऱ्या कशातही बसायचे नाही. आणि पाण्याचा पाळणा दुपारी, कारण कपडे उन्हात अंगावरच वाळतात. नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरची उंची सुमारे 40 मीटर असून त्याच्या डब्याला तळच नसतो, पाय अधांतरी लोंबकळतात, ही माहिती त्याने मला कौतुकाने पुरवली. एवढी दूरदृष्टी ज्या मुलाकडे आहे, त्याला सकाळी दप्तरात कंपासपेटी टाकायचे का सुचत नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

आमचे भांडण झाले ते पिशवीवरून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आत नेता येणार नाही हे मी मान्य केले आणि ती मोटारीतच ठेवून वाहनतळावर खायची, असा तह झाला. टॉवेलवर मात्र तो अडून बसला. ‘तिथे कोणी टॉवेल खांद्यावर टाकून फिरत नाही, लाज वाटते,’ असे तो म्हणाला. ज्या गावाच्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावचा मुलगा टॉवेलची लाज बाळगतो, हे ऐकून मी वाद थांबवला आणि तीन टॉवेल पिशवीच्या तळाशी चटकन दडवले.

त्या दिवशी तो इंदापूर, भिगवण आणि संपूर्ण घाट झोपेत ओलांडून पोहोचला आणि आराखड्याप्रमाणे माझ्या दहा पावले पुढे चालत राहिला. दुपारी पाण्याच्या पाळण्यातून मुले चिंब होऊन बाहेर आली आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आले. अंगावर कपडे वाळवायला ऊन नव्हते. मी बाकावर बसून वही चाळत होते. तो कुडकुडत आला, आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाला, ‘आई, आणलास ना?’

मी न बोलता पिशवी पुढे केली. शेजारच्या बाकावरच्या ओल्याचिंब काकूंनी, टॉवेल इथे कुठे मिळतो, असे त्याला विचारले. ‘इथला नाही, सोलापूरचा आहे,’ असे म्हणून त्याने उरलेल्यांतला एक काकूंना देऊन टाकला, आपला गळ्यात अडकवला आणि पुन्हा दहा पावले पुढे चालू लागला.