मग, वाचलंत का?

साडीच्या दुकानातला माणूस स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून, मान वेळावून ‘हा रंग वहिनींना खुलून दिसेल’ म्हणतो, तेव्हा त्यात त्याचा काडीचाही जीव गुंतलेला नसतो. तुम्ही ती घेतलीत काय, दुसरी घेतलीत काय, नाहीतर नुसतं सरबत पिऊन उठलात काय, तो निमूट घड्या घालायला बसतो. मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात तुम्ही रस्त्यात भेटलात तर ‘मग, नेसल्या का वहिनी? काठांबद्दल त्यांचं काय मत पडलं?’ असं तो विचारत नाही. पुस्तकाच्या दुकानात विचारतात.

पूर्वी ही भानगड नव्हती. अप्पा बळवंत चौकात पुस्तक घ्यायचं म्हणजे काउंटरच्या अलीकडे आपण आणि पलीकडे पुस्तकं. आपण नाव ओरडायचं, काउंटरवरच्याने ते पोटमाळ्याकडे ओरडायचं आणि वरून एक तर पुस्तक खाली यायचं, नाहीतर ‘संपलंय’ हा शब्द. इयत्ता, माध्यम, विषय, एवढाच संवाद. ‘सातवीचा भूगोल घेताय खरे, पण एकदा आठवीचा इतिहास वाचून बघा, आतून हलून जाल’ असं तिथे कोणी कधी म्हणालं नाही. जूनच्या गर्दीत कोणाला आतून हलायला जागाही नसायची.

आमच्या घराजवळचं दुकान मात्र नव्या वळणाचं आहे. बसायला मुडे, मंद दिवे, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आणि त्यावर ‘बंद आहे’ असा कायमचा कागद. मालकांनी कुठेतरी बघून ‘आमची आवड’ अशी पाटी लावून एक फडताळ काढलं. दुकानातल्या प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक तिथे ठेवायचं आणि ते का वाचावं हे स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून आत खोचायचं. कल्पना उत्तम. फक्त आपल्याकडे आवड ही नुसती आवड राहत नाही, तिचा पक्ष होतो. फडताळ लागलं त्या आठवड्यातच दुकानात सहा-सात पक्ष तयार झाले आणि मतदार एकटा मी.

पैसे घ्यायला बसतात ते काका रहस्यकथा पक्षाचे संस्थापक आणि एकमेव कार्यकर्ते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हे ते अशा सुरात सांगतात की उरलेल्या मराठी लेखकांनी आळस केला असं वाटावं. काळा पहाड आणि झुंजार या अर्नाळकरांच्या नायकांबद्दल ते शाळासोबत्यांबद्दल बोलावं तसे एकेरीत बोलतात. ज्यात निदान एक तरी प्रेत पडत नाही ते पुस्तक काकांच्या लेखी प्रस्तावना. दोष एकच. पुस्तक पिशवीत घालता घालता त्यांना राहवत नाही. “खुनी कोण ते नाही सांगत, तुमची मजा जाईल. फक्त माळ्याच्या चपलांकडे लक्ष असू द्या.” काकांनी दिलेल्या एकाही पुस्तकातला खुनी मला शेवटच्या पानापर्यंत वाट बघून कळलेला नाही.

गठ्ठे उचलणारा एक तगडा पोरगा आहे, रोज तालमीत जाणारा. त्याचं दैवत ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांची ही कादंबरी आली १९६७ साली, म्हणजे याच्या वडिलांच्याही जन्माआधी, पण हा कर्णाबद्दल असं बोलतो की प्रकरण अजून कोर्टात आहे. चिठ्ठीत त्याने लिहिलंय, ‘ज्याच्यावर अन्याय झाला त्याने वाचावे.’ गिऱ्हाईक दिसलं की तो अगोदर अन्यायाची चौकशी करतो. बढती हुकली? मृत्युंजय. भावाने वाटणीत विहीर घेतली? मृत्युंजय. सोसायटीत पार्किंग मिळालं नाही म्हणून वैतागलेल्या एका गृहस्थांना त्याने तो जाडजूड ग्रंथ दिला, तेव्हा मी शेजारीच होतो. ते गृहस्थ पुस्तक उराशी धरून बाहेर पडले आणि नो-पार्किंगमधून उचलून नेलेल्या आपल्या स्कूटरच्या जागी उभे राहिले. पोरगा काचेतून बघत होता. “बघितलंत?” तो मला म्हणाला. “भूमीने चाक गिळलं.”

कादंबऱ्यांच्या दोन रॅकच्या मध्ये एक दाढीवाला उभा असतो. त्याचं पुस्तक ‘कोसला’, १९६३. ते लिहिणारे भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि हा स्वतः तिशी ओलांडून अजून काहीच लिहू शकलेला नाही, याचं त्याला दुःख आहे. ते दुःख तो कादंबरीच्याच भाषेत सांगतो. “उदाहरणार्थ मी लिहायला बसतो वगैरे, पण मग चहा वगैरे येतो.” वाक्य संपलं की नाही ते कळत नाही, त्यामुळे त्याच्यापुढून निघायचं कधी हेही कळत नाही.

पण सगळ्यात खतरनाक इसम कथासंग्रहांकडे. हा जी. एं.चा, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णींचा भक्त, आणि पुस्तक विकायचं नाही हीच त्याची विकण्याची रीत. मी ‘काजळमाया’कडे हात नेला की तो हळूच म्हणतो, “राहू द्या, तुम्हाला झेपणार नाही.” का झेपणार नाही विचारलं तर आपल्याकडे खाली-वर बघतो, बस. त्या पुस्तकाला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता आणि जी. एं.नी तो परत केला, हे तो फार अभिमानाने सांगतो. लेखकाने पुरस्कार परत केला, हा गिऱ्हाईक परत करतो. आणि गंमत अशी, की त्या फडताळात सगळ्यात जास्त खप त्याच्याच पुस्तकाचा आहे. पुणेकराला ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हटलं की तो दोन प्रती घेतो.

अर्धा दिवस काम करणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी विज्ञानकथा सांभाळतो. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, पण ती तो रिफिल घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकवतो. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. जयंत नारळीकरांनी स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षक दबले असते. म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. गोष्ट खरी आहे आणि मला मनापासून आवडते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तर मी टाळी दिली होती. आता तो ‘काका, तुम्हाला माहितीये का’ म्हणाला की मीच ‘जगताप’ म्हणून पुढे सरकतो. लहान मुलांच्या कोपऱ्यातल्या ताई त्यातल्या त्यात सुटसुटीत. पोर दिसलं की त्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखं जिभेने ‘ट्टॉक्’ करतात. पोर हसतं, आई ‘व्यक्तिमत्त्व विकासाचं काही आहे का’ विचारते, आणि ताई आईला सोडून पोराकडेच बघत राहतात.

पार्सलं बांधणाऱ्या मावशींना या फडताळाचं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आपण होऊन घरून ‘रुचिरा’ आणून ठेवली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. त्यातली मापं वाटीची आणि चमच्याची, त्यामुळे सासूला फोन करायची गरज उरली नाही आणि कितीतरी संसार वाचले, असं मावशींचं म्हणणं. त्यांची प्रत विकायची नाही, ‘बघायची’ आहे. कडा हळदीने पिवळ्या झालेल्या, चकलीच्या पानावर तेलाचा एवढा मोठा डाग की मागची भाजी पुढून वाचता यावी, आणि समासात पेन्सिलने ‘तिखट कमी, ह्यांना चालत नाही’. पुढे ‘ह्यांना’वर काट मारून ‘जावयांना’ केलेलं. जी. ए. भक्तापासून मृत्युंजयपर्यंत सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्यांत बरंच लिहिलंय, पण ज्याच्यात खरोखर कोणीतरी राहून गेलंय असं त्या फडताळात हे एकच.

आणखी एक चिठ्ठी आहे. हिशेब लिहिणारी एक मुलगी फारसं बोलत नाही. तिने ‘बलुतं’ ठेवलंय, दया पवारांचं, १९७८ मधलं. चिठ्ठीवर फक्त ‘वाचा’. मी ते नेलं, रात्री सुरू केलं आणि दूधवाला आला तेव्हा संपवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर ती काही विचारणार नाही याची खात्री होती, आणि मला मात्र पहिल्यांदाच कोणीतरी विचारावं असं वाटत होतं. तिने वर पाहिलं, मी मान हलवली, ती परत वहीत गेली.

बाकीच्यांचं तसं नाही. बाकीच्यांकडे तोंडी परीक्षा असते.

पुस्तक नेल्यापासून साधारण आठ-दहा दिवस सवलतीचे. त्यानंतर दाराची घंटी वाजली रे वाजली की चहूबाजूंनी माना वर होतात. “मग, वाचलंत का?” सुरुवातीला मी ‘चालू आहे’ म्हणायचो. त्यावर ‘कुठवर आलंय?’ येतं. ‘अर्ध्यावर’ म्हटलं की ‘अर्ध्यावर म्हणजे ते जंगलातलं झालं का?’ येतं. इथे हो म्हणावं की नाही? जंगल नसेलच तर? शेवटी मी मलपृष्ठांना शरण गेलो. मलपृष्ठावरचा मजकूर पाठ करून त्यातलं एखादं ‘मानवी नात्यांची गुंतागुंत’ तोंडावर फेकायचं. काका सोडून बाकी सगळ्यांवर हे चालतं. काकांवर चालत नाही, कारण रहस्यकथेत नात्यांची गुंतागुंत आहे असं मी म्हणालो त्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

दाढीवाल्याची परीक्षा सर्वांत सोपी निघाली. “कशी वाटली?” त्याने विचारलं. मी अजून पहिल्या प्रकरणातच होतो. म्हणालो, “उदाहरणार्थ चांगली वगैरे.” त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

एकाचं पुस्तक घेतलं की ते हातात धरून बाकीच्यांपुढून पैसे द्यायला जावं लागतं, हा वेगळाच छळ. मी ते पाठ वर करून नेतो, तरी त्यांना कण्यावरूनच कळतं. मृत्युंजयवाला सुस्कारा टाकतो. विद्यार्थी ‘छान आहे तेही’ म्हणतो, त्यातला ‘ही’ मला घरापर्यंत पुरतो. शेवटी काका पुस्तक उलटं करतात, किंमत बघतात, दहा टक्के सूट वजा करतात आणि म्हणतात, “हे घेताय? बरं.” त्या ‘बरं’मध्ये एका पिढीच्या ऱ्हासाची सगळी कारणं असतात. मग काउंटरखालून एक झुंजार निघतो, “असू द्या, प्रवासात वाचायला.” मी प्रवासाला जात नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे.

उशाशी आता एवढी चळत झालीय की दिव्याचं बटण सापडत नाही. घरात विचारणा झाली, “हे सगळं वाचणार आहात का?” म्हणजे परीक्षा केंद्र आता घरीही.

मालक स्वतः काही वाचत नाहीत, हे त्यांच्या प्रसन्न चेहऱ्यावरून कळतंच. त्यांची शिफारस एकच, ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, एवढं ते सांगतात आणि पुढे म्हणतात, “कोणालाही द्या. मुंज, वाढदिवस, निवृत्ती. आजवर एक प्रत परत आलेली नाही.” धंद्याच्या दृष्टीने हा साहित्यविचार मला फार भक्कम वाटतो.

तर या मालकांनी यंदा २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मला काउंटरजवळ बोलावलं. कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घातलेला होता, पेढे फिरत होते. “फडताळात एक कप्पा आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा करतोय,” ते म्हणाले. “पहिली चिठ्ठी तुमची.” कोरी चिठ्ठी आणि पेन माझ्या हातात आलं आणि दुकान एकदम शांत झालं. मृत्युंजयवाल्याने गठ्ठा खाली ठेवला. दाढीवाल्याने दाढीतला हात काढला. जी. ए. भक्त ‘बघूया तरी’ अशा नजरेने भिंतीला टेकला. काकांनी गल्ला बंद केला. एकाचं नाव लिहिलं की उरलेल्यांशी जन्माचं वैर, आणि दुकान घराला इतकं जवळ की रस्ता बदलायचीही सोय नाही.

मी लिहिलं, ‘रुचिरा’. खाली ‘प्रत्येक घरात असायलाच हवे’ असंही लिहिलं. सगळ्यांचे चेहरे सैलावले. स्वयंपाकाचं पुस्तक कोणाच्या वाटेत येत नाही. एवढ्या मुत्सद्देगिरीबद्दल मी स्वतःच एक पेढा जास्त उचलला.

तेवढ्यात सुतळी तोडत मावशी पुढे आल्या. “बाई बाई, दादा! मग केलंत का त्यातलं काही?”

“चालू आहे,” मी म्हणालो. सवय.

“काय चालू आहे?”

“अनारसे,” तोंडाला आलं ते बोलून गेलो.

“अगबाई, अनारसे! तांदूळ किती दिवस भिजवलेत?”

मी कुसुमाग्रजांकडे पाहिलं. काकांनी गल्ला उघडला, चष्मा पुसला आणि मान वर न करता म्हणाले, “साहेब, ते मलपृष्ठावर नसतं.”