नोझलचं सोवळं

नागपुरात गाडीचं बॉनेट उघडणं ही खासगी बाब नाही. दांडी टेकवेपर्यंत दोन माणसं जमतात आणि तिसरा स्कूटरवरूनच, एक पाय जमिनीला लावून, "काय झालं भाऊ?" विचारतो. उत्तराची त्याला गरज नसते. निदान त्याच्याकडे तयार असतं.

माझी गाडी डिझेलची. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आलेली. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळी नुसता सेल्फ मारत बसायचं. मग ती पेटायची, पण तीनच सिलिंडरवर, अख्खी थरथरत आणि मागून पांढरा धूर सोडत. माझ्या हातात किल्ली दिसली की समोरच्या काकू वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. "मिसिंग मारून राह्यली," असं गल्लीने एकमताने ठरवलं होतं. गल्लीचं चुकलं नव्हतं, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा एक इंजेक्टर गेला होता. आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेत, नोझल.

चारातलं कोणतं गेलं ते शोधायची परीक्षा मात्र मजेची आहे. प्रत्येक नोझल थोडं डिझेल परतीच्या नळीने टाकीकडे धाडतं. ती नळी काढून चौघांना सारखी बाटली लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि कोणाची बाटली आधी भरते ते पाहायचं. आमच्या घरात सारख्या चार बाटल्या म्हणजे खोकल्याच्या औषधाच्याच. तीन बाटल्या तळाशीच होत्या तेव्हा तिसऱ्या नोझलची गळ्यापर्यंत आली. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बायको म्हणाली, "अहो, गाडी विकली तरी इतके येणार नाहीत." म्हणून काम घरीच करायचं ठरलं.

आता या कामात ताकद फारशी लागत नाही. लागते ती स्वच्छता. नोझलच्या आतली सुई आणि तिची खोबण यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड. म्हणजे धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा आत गेला तर नवं नोझल जुन्याच्या वाटेने जाणार. आणि आमच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम चालू. सिमेंट रोडचं काम नागपुरात कुठे ना कुठे चालूच असतं. यंदा त्याने आमचं घर गाठलं होतं. वर संक्रांतीचे पतंग. दर पाच मिनिटांनी "ओ काट!" आणि पाठोपाठ मांज्यासकट कुंपणावरून उडी मारणारी पोरं.

हे सगळं मी बायकोला समजावत होतो तेव्हा आई व्हरांड्यात वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातलं आहे, असं सरळ सांग ना."

तिथून कारभार तिच्याकडे गेला. पोर्चमध्ये आदल्या दिवशी पाणी मारून झालं. पाटावर बाबांचं धुवून धुवून मऊ झालेलं धोतर अंथरलं गेलं (त्याचे धागे सुटत नाहीत, मिस्त्र्यांच्या बनियनच्या चिंध्यांचे सुटतात). मला कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावले. उघड्या पाइपांच्या तोंडांना धुतलेल्या फडक्याचे बोळे बसले. पतंगाची पोरं फाटकाबाहेर, आणि डावा हात कशाला लावायचा नाही, असा एक जादा नियम. कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो नाही. मी पाळला.

शेजारचे काकाजी एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. खुर्ची घेऊन ते आधीच येऊन बसले होते. "आमच्या टायमाले एवढे चोचले नव्हते बाप्पा," ते म्हणाले. "नोझल काढलं, फुंकर मारली, लावून देल्लं. गाडी गडचिरोलीले जाऊन वापस." त्यांचं खरं होतं. जुन्या पंपाचं नोझल दोन-अडीचशे बारला उघडायचं. प्रवासी गाड्यांमध्ये १९९७ पासून कॉमन रेल (सगळ्या नोझलांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी) आली आणि दाब कुठल्या कुठे गेला. माझ्या गाडीत तो १६०० बारपर्यंत चढतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सातशे पट. एवढ्या दाबाला फुंकरीतली थुंकी चालत नाही, हे काकाजींना कोणी सांगायचं?

बॅटरीची तार काढली, रेलमधला दाब उतरू दिला. परतीच्या नळीच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांनी पंधरा उन्हाळे सोसलेले, तेही नागपूरचे. हात लावताच त्यांचे तुकडे झाले. सतराच्या पान्याने पाइप सुटले. तीन नोझलं मुकाट्याने वर आली. तिसऱ्या नंबरचं, तेच बिघडलेलं, हलेना. बुडाशी कार्बन धरून ते हेडमध्ये पक्कं बसलं होतं.

इथे फाटकाबाहेरच्या जनतेला तोंड फुटलं. एक म्हणे हातोडी घाला. एका पोराने सुचवलं, "क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा अन् सेल्फ मारा, कॉम्प्रेशननं आपोआप उडून येते." ही युक्ती खरोखर केली जाते. पण ते उडून कोणाच्या कपाळावर येतं, यावर तो काही बोलला नाही. काकाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग उठून त्यांनी नोझलच्या कडेने गंज सोडवायचं तेल सोडलं आणि म्हणाले, "आज नाही. रातभर मुरू दे."

सकाळी त्यांनी पान्याने नोझल जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे असं घासाघाशी न करता हलवलं. मी भाड्याने आणलेल्या सरकत्या वजनाच्या पुलरचे ठोके देत होतो. ठप्प आवाज होऊन ते आलं, तांब्याचं जुनं वायसर मात्र तळाशी ठेवून. तेही काकाजींनीच तारेच्या आकड्याने काढलं. आणि मग जन्माच्या सवयीने त्यांनी ते नोझल तोंडासमोर धरून गाल फुगवले.

"फुंकायचं नाही!" आई कडाडली.

एसटीच्या कुठल्या साहेबाला न भ्यालेला तो माणूस खुर्चीपर्यंत मागे सरला. "नाही ना वहिनी," ते म्हणाले, "मी तं नुसता पाहून राह्यलो."

चारही नोझलं फडक्यात गुंडाळून वाडीला नेली. ट्रकवाल्यांच्या राज्यात पंप-नोझलची लॅब असते. तीन धुवून, तपासून मिळाली आणि त्या बिघडलेल्याच्या जागी नवं घ्यावं लागलं. नव्यावर एक कोड कोरलेला असतो. तो गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपेटीला, कळवावा लागतो, नाहीतर कोणाला किती डिझेल पाजायचं याचा तिचा हिशेब चुकतो. अक्षरं मुंगीएवढी. आईने पोथी वाचायचं भिंग आणलं आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. स्कॅनर घेऊन आलेला पोरगा ती निमूट भरत गेला.

नवी वायसरं, टॉर्कचा पाना, बोळे मोजून बाहेर. गळतंय का पाहायला त्याच पोराने बोट पुढे केलं, तेव्हा त्याचं मनगट मात्र मी धरलं. त्या दाबाची चिळकांडी कातडीतून आत जाते, मग थेट ऑपरेशन. गळती पुठ्ठा धरून पाहतात.

पाइपातली हवा निघेपर्यंत सेल्फ बराच वेळ फिरला. मग चारही सिलिंडर एकदम बोलले. धूर नाही, थरथर नाही. फाटकाबाहेर कोणीतरी "झाली का? बरं" म्हणालं आणि गर्दी जराशी नाराज होऊन पांगली.

मेलेलं नोझल काकाजींनी आठवण म्हणून मागून घेतलं. फाटक ओलांडल्यावर त्यांनी मागे वळून आई आत गेल्याची खात्री केली आणि त्याला मनसोक्त फुंकर मारली.