‘माझ्याकडं चालतंय की’ पद्धतीनं सी लायब्ररी कशी लिहावी

परवा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. गुळाचे सौदे कधीच आटोपले होते, हमाल घरी गेले होते, शेटजींनी तिसरा चहा मागवला होता, आणि समोरचा कॉम्प्युटर ठामपणे सांगत होता की आज आलेल्या प्रत्येक लॉटचं वजन शून्य आहे. कोल्हापूरचा गूळ लई भारी, हे ऐकून होतो. तो इतका हलका असतो हे नवीन होतं. या चमत्कारामागं एका विद्वानानं सी भाषेत लिहिलेली वजनकाट्याची लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) होती. तिच्या रीडमीतली, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीतली, पहिलीच ओळ : ‘सर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते.’

त्या रात्री मला ज्ञान झालं. ते एकट्यानं पचवणं बरं नव्हे, म्हणून तुमच्याही पदरात घालतो.

पहिलं काम रीडमीचं. कोड नंतर. ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ (कुठल्याही सिस्टीमवर चालणारी) हा शब्द ठळक टाकला की लायब्ररी तशी होतेच, दुसऱ्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवून, बघायचं कारण नाही. १९७७-७८ च्या सुमारास सी भाषा बनवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम इंटरडेटा ८/३२ या निराळ्याच मशीनवर नेलं, तेव्हा कोडमध्ये जुन्या मशीनची गृहीतकं कुठं कुठं दडून बसलीत ते त्यांनी एकेक करून उपसलं. त्यांनी उपसलंय म्हटल्यावर तुम्ही पुन्हा कशाला हात घाण करता?

मोठा आकडा ठेवायचा असला की बिनधास्त ‘लाँग’ हा सीचा पूर्णांकाचा प्रकार वापरा. नावातच लांब आहे, पुरेल. सीचं स्टँडर्ड फक्त एवढंच म्हणतं की लाँग किमान ३२ बिटांचा हवा. ६४ बिटी लिनक्सवर तो ८ बाइटचा असतो, ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटचा. असू दे. त्यानं काय होतंय?

सांगतो काय होतंय. आमच्या विद्वानाचं स्ट्रक्चर (एका नोंदीचे घटक एकत्र बांधलेलं गाठोडं) असं : लॉट नंबर इंटमध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकात, वजन ग्रॅममध्ये लाँगमध्ये, आणि शेवटी प्रतीचं एक अक्षर. हे अख्खं स्ट्रक्चर त्यानं एका दमात फाइलीत ओतलं. काट्याजवळची पेटी लिनक्सची, तिथं घटक नीट बसावेत म्हणून कंपायलर सोडतो ती मधली आणि शेवटची पोकळी (पॅडिंग) धरून एक नोंद २४ बाइटची झाली. दुकानात विंडोज, तिथं तेच स्ट्रक्चर १२ बाइटचं. बरोब्बर निम्मं! म्हणजे काट्यावरच्या एका नोंदीच्या दुकानात दोन नोंदी. पहिलीत लॉट नंबर खरा, पण वजनाच्या जागी मधली पोकळी, म्हणून शून्य. दुसरीत लॉट नंबर शून्य आणि वजन ६५ ग्रॅम, कारण प्रत ‘ए’ आणि आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, ‘ए’ म्हणजे ६५. प्रत्येक लॉटमागं ६५ ग्रॅमचं एक भूत! शेटजी मला विचारतात, “साहेब, हे पासष्ट ग्रॅम कुणाचं?” काय सांगू? पॅडिंगचं, म्हणू? एरर नाही, क्रॅश नाही, प्रोग्रॅम छान हसतमुखानं चालला होता. धडधडीत पडला असता तर त्याच्या पाया पडलो असतो. इंट३२_टी सारखे ठरावीक मापाचे प्रकार सीच्या स्टँडर्डमध्ये १९९९ पासून आहेत. तेव्हा जन्मलेली पोरं आता नोकरीला लागली. पण नाही, आम्हाला लाँगच पाहिजे.

असो. शांत होतो. पुढचा सल्ला.

फाइल उघडताना ‘आरबी’ (बाइट जसेच्या तसे वाच) लिहू नका, नुसता ‘आर’ (टेक्स्ट म्हणून वाच) पुरे. लिनक्सवर त्या ‘बी’नं काहीच फरक पडत नाही, मग एक अक्षर वाया कशाला घालवायचं? (मी त्याच रात्री वजनाची भानगड मिटवली, बाइटचा क्रम ठरवून एकेक घटक वेगळा लिहिला, आणि स्वतःवर खूश होऊन मिसळ खायला गेलो. दुसऱ्या दिवशी पंचविसाव्या लॉटपर्यंत सगळं चोख आणि त्यापुढं फाइल रिकामी. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये २६ या किमतीचा बाइट भेटला की ‘फाइल संपली’ असं धरतात, डॉसच्या जमान्यापासूनची ती रीत. आणि सव्विसाव्या लॉटचा नंबर काय असणार?)

कंपायलरच्या वॉर्निंग आल्या तर स्क्रीन थोडी वर सरकवा.

हेडरचं (लायब्ररीतल्या फंक्शनांची यादी असलेल्या फाइलीचं) नाव कॅपिटलनं सुरू करा आणि इन्क्लूड करताना स्मॉल लिहा. विंडोजवर कुणाला कळत नाही, लिनक्सला फाइल सापडत नाही तो भाग वेगळा.

गेटसीचं (फाइलीतून एकेक बाइट वाचणाऱ्या फंक्शनचं) उत्तर ‘कॅर’मध्ये, म्हणजे एका बाइटच्या डब्यात, घ्या आणि ईओएफशी (‘फाइल संपली’ सांगणारा ऋण आकडा) ताडून बघा. इंटेलवर बहुतेक वेळा निभावतं. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड असतो, त्यात ऋण आकडा मावतच नाही, तिथं तो लूप पंचगंगेसारखा वाहतच राहतो.

डीएलएलमधून (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) मॅलॉक करून, म्हणजे मेमरी मागून घेऊन, स्ट्रिंग परत द्या आणि ‘फ्री (मेमरी परत करणं) तुमचं तुम्ही करा’ म्हणा. विंडोजवर डीएलएल आणि प्रोग्रॅम वेगवेगळ्या सी रनटाइमवर (सीची मूळ फंक्शनं पुरवणारा कोड) बांधलेले असले तर दोघांचे हीप, म्हणजे मेमरीची कोठारं, वेगळे असतात. म्हणजे लग्नाची भांडी एका मंडपवाल्याकडून आणायची आणि परत दुसऱ्याच्या गोडाऊनला नेऊन टाकायची. लायब्ररीनं स्वतःचं एक फ्री करणारं फंक्शन दिलं तर भागतं, पण तीन ओळी टाइप करून बोटं झिजतात ना.

इफडेफ (सिस्टीम बघून कोडचा तुकडा निवडणारी अट) मनसोक्त वापरा. एकाच फंक्शनमध्ये ‘लिनक्स असेल तर हे, नाहीतर ते’ असं अकरा वेळा. ‘नाहीतर’ म्हणजे विंडोज, हे उघडच आहे. मॅकवाल्यानं आपलं बघून घ्यावं. प्रत्येक सिस्टीमचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवून वर एकच स्वच्छ हेडर द्यायचं, ही भित्र्या लोकांची कामं.

आणि फोल्डरची नावं. शेटजींनी फोल्डरला ‘गूळ’ असं नाव दिलं होतं. लायब्ररीला ते उघडेना. विंडोजवर फाइल उघडणारं साधं एफओपन नाव वाचतं ते जुन्या कोड पेजमधून (एकेका लिपीच्या अक्षरांचा तक्ता), आणि देवनागरीसाठी तसं कोड पेज कधी नव्हतंच. विद्वानाचा उपाय : “त्यांना फोल्डरचं नाव इंग्लिश ठेवायला सांग.” गूळ इथला, मालक इथला, शेतकरी इथला, विद्वानाचं घर रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर, आणि अख्ख्या कोल्हापुरात नाव कुणी बदलायचं? गुळानं! अरे, युनिकोडमधलं नाव घेणारं डब्ल्यूएफओपन आहे. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमच्या सोबतची माहितीची फाइल) यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या मावणारी पद्धत, मागायची सोय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आहे. एका दुपारचं काम आहे.

सव्विसाव्या लॉटच्या दिवशी मी त्याला पुन्हा फोन लावला. पाचव्या खेपेला उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माझ्याकडं चालतंय की भावा.”

चालणारच. तुझ्याकडं तुझाच लिनक्स आहे, तुझाच कंपायलर आहे, तुझ्याच तीन लॉटची टेस्ट फाइल आहे. तुझ्याकडं न चालायला काय झालंय? लायब्ररी म्हणून दुसऱ्याच्या हातात दिलीस ना? पैसे घेतलेस ना? मग एकदा, फक्त एकदा, एखाद्याचं विंडोज मशीन तासभर मागून घेऊन कंपाइल करायला काय धाड भरली होती? तुला येत नाही असं नाही. तुला सगळं येतं. तुला त्रास घ्यायचा नव्हता, म्हणून तो मला झाला, शेटजींना झाला. लॉट नंबर २६ घेऊन राधानगरीकडनं आलेले एक आजोबा पट्टीच्या कागदासाठी दुपारपासून बाकड्यावर बसून होते, त्यांची संध्याकाळची एसटी गेली. त्यांना काय म्हणायचं होतं, त्याच्याकडं चालतंय म्हणून?

दुरुस्त केलेला कोड तुला मेलवर पाठवलाय. त्या ओळी तुझ्या मूळ लायब्ररीत घाल. रीडमीतली पहिली ओळ आजच्या आज काढ. आणि फोन उचलत जा.