मालकाचं उत्तर: घड्याळ जुनं नाही, दिसायला जुनं आहे

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने दाखवला. तारकर्लीच्या ट्रिपमध्ये घड्याळाच्या काचेत वाफ धरली, मूड गेला, त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरवरच्या पोराचा आवाज चढला असंही लिहिलंय तुम्ही, त्याला बोललोय मी. पण "आकडे आधीच पिवळे पडलेत, वर्षानुवर्षं कपाटात पडलेला जुना माल व्हिंटेज म्हणून खपवला" हे जे वाक्य आहे ना, ते वाचून झोप नाही लागली, आणि बाकीचं गिऱ्हाईकही हे वाचतंय, घर याच दुकानावर चालतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, राग मानू नका.

साहेब, ते पिवळं पडलेलं नाही, तो रंगच तसा दिलेला आहे. 1953-54 च्या सुमारास ब्लँपेनचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर ही पाणबुड्यांची घड्याळं (डायव्हर म्हणतात ती) आली, तेव्हा पाण्याखाली अंधारात वेळ दिसावी म्हणून काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम लावायचे. ते अंगाला वाईट, म्हणून साठच्या दशकात हळूहळू त्याहून कमी घातक ट्रिटियम आलं. ट्रिटियमचा जोर बारा-साडेबारा वर्षांत निम्म्यावर येतो आणि त्याच्याबरोबरची चमकणारी पावडर वयाने साईसारखी, मग पिवळट, कधी तपकिरी होते. आज शौकीन लोक त्या पिवळेपणालाच भुलतात, जुन्या ओरिजिनल पीसला त्याचेच जास्त पैसे मोजतात. म्हणून आताच्या कंपन्या नव्या कोऱ्या घड्याळात तोच रंग मुद्दाम मिसळून भरतात. हल्लीचा जो चमकणारा मसाला आहे, ल्युमिनोव्हा, तो नव्वदच्या दशकात आला, त्यात किरणोत्सर्ग वगैरे काही नाही आणि तो ट्रिटियमसारखा पिवळा पडत नाही. म्हणजे मी हे घड्याळ खरंच दहा वर्षं कपाटात कोंबून ठेवलं असतं तरी आकडे असे झाले नसते! आणि ठेवणार तरी कुठून, हे मॉडेलच बाजारात नवीन आहे, वॉरंटी कार्डावर तारीख आहे, बघा एकदा. आपल्या गुजरीत अँटिक फिनिशची ठुशी घेताना कुणी सराफाला म्हणतं का की मोडीतला दागिना गळ्यात घातलास?

आता निवडीचं. त्या दिवशी मी स्वतः दोन्ही घड्याळं ट्रेवर काढून ठेवली होती. एक व्हिंटेज, पन्नासच्या दशकातल्या सबमरिनरच्या वळणाचं, चकचकीत काळ्या डायलवर सोनेरी अक्षरं, फुगीर अ‍ॅक्रिलिक (प्लॅस्टिकची) काच, वेळ लावायची मोठी चावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना आडोसा नाही (रोलेक्सनेसुद्धा तो आडोसा 1959 मध्ये दिला, आधी नव्हताच). दुसरं मॉडर्न, सफायर काच, सिरॅमिक बेझल (काचेभोवतीची कडी), चावीला आडोसा, आणि अंधारात हिरवं असं पेटतं की खोलीत दिवा नको. मशीन दोन्हीत तेच, सीकोचं एनएच 35, हाताच्या हालचालीवर चालणारं. तुम्ही समुद्राचं नाव काढल्यावर मी मॉडर्न घ्या म्हणालो की नाही? ते दीड हजाराने महाग होतं तर तुम्ही वहिनींकडे बघून हसलात आणि "महागाचं गळ्यात मारतायत" म्हणालात, ते ऐकलं मी, बोललो नाही. नंतर "मॉडर्न फार झगमग करतं, सगळ्यांच्या हातात तेच असतं, मला कॅरेक्टर पाहिजे" हे तुमचेच शब्द. मला आवडलं होतं ते, खोटं कशाला बोलू, कोल्हापुरात व्हिंटेज डायव्हर समजून घेणारी माणसं मोजकी. पण कॅरेक्टर घेतलं की त्याच्याबरोबर जे येतं तेही घ्यावं लागतं ना.

काचेवर आठवड्यात ओरखडे आले म्हणता. अ‍ॅक्रिलिकवर येणारच, ती मऊ असते, पण फुटत सहसा नाही, आणि पॉलिश पेस्ट लावून दहा मिनिटं घासलं की ओरखडा जातो. सफायरवर ओरखडा जवळपास येत नाही, पण दगडावर आपटली तर तडकते आणि मग सरळ काच बदलायची. दोन्हीत काहीतरी सोसावंच लागतं. पॉलिश आम्ही फुकट करतो, तुम्ही विचारलंच नाही, डायरेक्ट स्टार दिला.

पाण्याचं म्हणाल तर घड्याळ 200 मीटरचं आहे, पण ते चावी आवळलेली असताना. तुमचे मेव्हणे घेऊन आले तेव्हा त्यांच्यासमोरच मागचं झाकण उघडलं. चावीच्या आट्यांत वाळू होती. आणि मेव्हणे म्हणाले, घड्याळ बॅगेत पडून बंद पडलं होतं, मालवणात सकाळी चावी देऊन वेळ लावली आणि तसेच बोटीत बसलो. या मशीनला हातात घातलं नाही तर साधारण 41 तास चालतं, मग थांबणारच, त्यात बिघाड काही नाही. वेळ लावून झाल्यावर चावी दाबून आवळायची असते, घड्याळ देताना मी आवळून दाखवली होती, तेव्हा तुमचा फोन चालू होता. उघडी चावी घेऊन उतरलं तर स्कुबा कशाला, पोहण्याच्या तलावातसुद्धा पाणी जातं. आम्ही सुकवलं, रबराची रिंग बदलली, प्रेशर टेस्टला लावलं, पास झालं. एक रुपया घेतला नाही, हे मात्र रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

आणि "डुप्लिकेट" शब्द प्लीज काढा. डायलवर बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं नाव आहे, रोलेक्सचा मुकुट नाही. जुन्या डिझाइनच्या वळणाचं बनवणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव छापून फर्स्ट कॉपी विकणं वेगळं. फर्स्ट कॉपी मागायला रोज कोण ना कोण येतं, वडिलांच्या काळापासून आम्ही तो धंदा केला नाही, केला असता तर आज दुकानाला एसी असता.

तरीपण तुमचं म्हणणं लक्षात घेऊन चावी आवळायची सूचना आता मराठीत लिहून बॉक्समध्ये टाकायचा विचार आहे, व्हिंटेजच्या ट्रेजवळ रंगाबद्दल एक बोर्डही लावू, बघतो. स्टाफलाही सांगितलंय.

घड्याळ घेऊन या, काच चकचकीत करून देतो. अजूनही मॉडर्नच पाहिजे असेल तर वरचा फरक भरून बदलूनही देईन, वापरलेलं असलं तरी. फक्त गुरुवारी येऊ नका, कारागीर नसतो. आणि येताना मेव्हण्यांना आणा, ते समजूतदार वाटले.