यांस

मुलगी चीनमधल्या हांगचौला शिकत असताना तिच्या शिक्षिकेने आम्हाला लोंगचिंग चहाचा डबा पाठवला, तेव्हा आभाराचे चार शब्द हाताने लिहून टपालाने धाडणे ही साधी माणुसकी आहे, असे मी घरात जाहीर करून बसलो. पत्र अर्ध्या तासात झाले. पाकिटाने मात्र दोन रविवार खाल्ले.

आपण पाकिटावर माणसापासून निघतो आणि घर, गल्ली, पेठ करीत गाव गाठतो. चिनी पत्ता देशापासून निघून प्रांत, शहर, विभाग, रस्ता, इमारत, खोली अशा पायऱ्या उतरत माणसाच्या दारात पोचतो, आणि तिथेही आधी आडनावच भेटते. टपालाची वर्गवारी करणाऱ्याला हाच क्रम सोयीचा, हे मला नाइलाजाने कबूल करावे लागले. आडनावाला 'लाओशी', म्हणजे 'शिक्षक', हा मान मागून जोडायचा, म्हणजे आपल्या 'जोशीबाईं'सारखाच. त्याच्याही मागे 'शोऊ', म्हणजे 'स्वीकारणे', हे अक्षर येते. आजोबांच्या पत्रांवरील 'यांस'चा हा सख्खा भाऊ परमुलखात भेटल्याने मला भरून आले.

चिनी पाकिटावर वर डावीकडे पिनकोडसाठी सहा लाल चौकोन छापलेले असतात. आकडे आपल्यासारखेच सहा. माझ्या पाकिटावर चौकोन नव्हते, म्हणून ते मी पट्टी लावून लाल पेनाने आखले आणि त्याच भरात बाईंचे नावही लाल शाईत रेखाटले. व्हिडिओवर ते पाहून मुलगी किंचाळली. लाल शाईतले पत्र म्हणजे तिकडे संबंध तोडल्याची खूण! चहाबद्दल आभार मानता मानता मी बाईंशी कायमचे वैर धरायला निघालो होतो.

दुसरे पाकीट मी काळ्या शाईत, श्वास रोखून, अक्षर न् अक्षर चित्रासारखे उतरवून पुरे केले. देशाचे नावसुद्धा 'चुंगक्वो' असे चिनी लिपीतच लिहिले. पाठवणाऱ्याचा पत्ता चिनी रिवाजाप्रमाणे खाली उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे ज्याला पत्र जायचे त्याच्या जागी, घातला आणि तो तेवढा इंग्रजीत लिहिला. हिशेबाने तिकिटे चिकटवून पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकले.

आठवड्याने पोस्टमन दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी नवाच आदर होता.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्हाला चीनहून पत्र आलंय."